घरच्या फाटकाचे कडी-कुलूप



मी कॉलेजात मराठी शिकवतो. तेव्हा बिजागऱ्या आणि कुलपं यांवर बोलायला हा मास्तर कशाला बसला, असं तुमच्या मनात आलं तर त्यात चूक काही नाही. माझा अधिकार एवढाच, की घराचं लाकडी फाटक मी माझ्या हातानं केलं, ते तीनदा चुकलं, आणि तिसऱ्या चुकीत वडिलांच्या जिवावर बेतता बेतता राहिलं. ते मी पुढे सांगेनच. आधी फाटकाकडे वळू.

आमचं घर मोशी ओलांडून चाकणच्या वाटेला लागलं, की आत एका वस्तीवर आहे. माझ्या लहानपणी वस्तीवरच्या घरांना फाटक असं नव्हतंच. बांबूची झाप असायची, नाहीतर बाभळीच्या काट्यांची फेसाटी वाटेवर ओढून ठेवायची. ढोरं आत शिरू नयेत एवढंच तिचं काम. कुलूप लागायचं ते घराच्या दाराला, आणि तेही सगळे पंढरीला निघाले तर. आळंदी आमच्यापासून जवळच. तिथल्या मुक्ताबाईचे ताटीचे अभंग तुम्हांला ठाऊक आहेत. ती ताटी म्हणजे तरी काय? कामट्यांची, आतून लावून घ्यायची. तिला कुलूप नव्हतं, म्हणून तर बाहेर उभ्या राहिलेल्या बहिणीच्या शब्दांनी ती उघडली.

ते दिवस आता राहिले नाहीत. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली निघाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ साली झाली, आणि त्यानंतर कारखान्यांच्या रांगेनं चाकणची शिव गाठली. आमच्या बांधावरून आता कंटेनर जातात. दारातून रस्त्यावर पाऊल टाकायचं तर दोन्हीकडे पाहून टाकावं लागतं. अशा ठिकाणी फाटक लागतंच. पण ते कशासाठी, हे आधी मनाशी ठरवलं पाहिजे. चोरासाठी, असं आपण चटकन म्हणतो. माझं म्हणणं वेगळं आहे. चोर वर्षातून एखादे वेळी येणार, कदाचित येणारही नाही. पण घरातलं दोन-तीन वर्षांचं मूल आणि गोठ्यातलं वासरू ही दोघं दिवसातून दहा वेळा रस्त्याकडे धाव घेतात. म्हणून फाटक दिवसभर, कुणी आठवण न करता, आपलं आपण लागलेलं असायला हवं. आणि आतल्या कुणालाही, म्हातारीला आणि शाळकरी पोरालासुद्धा, ते किल्ली न शोधता उघडता यायला हवं. कुलूप हे या दोन गोष्टींनंतर येतं.

आणि त्याच्याही आधी एक गोष्ट येते. फाटक पडता कामा नये. २०२४ च्या जुलैत पिंपरी-चिंचवडच्या बोपखेल भागात एक चिमुरडी खेळत असताना लोखंडी सरकतं फाटक तिच्या अंगावर कोसळलं आणि ती दगावली. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत ती बातमी होती, तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. सरकतं फाटक असेल तर रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडणी हवी आणि वरच्या बाजूला त्याला धरून ठेवणारा आधार हवा. हे ऐकताय तोवर उठून आपल्या दारचं एकदा हलवून पाहिलंत तरी माझं बोलणं कारणी लागलं. मी पुढे बोलणार आहे ते मात्र दोन झडपांच्या, बिजागरीवर फिरणाऱ्या लाकडी फाटकाबद्दल.

लाकूड सागाचं मिळालं तर उत्तमच. मला परवडलं नाही. आमच्या पट्ट्यात यंत्रं आणि सुटे भाग ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांचं पाईनचं लाकूड भंगारवाल्यांकडे पुष्कळ मिळतं. त्याच्यावर गव्हाच्या ओंबीसारखं एक चिन्ह आणि काही इंग्रजी अक्षरं डागलेली असतात. त्यांत ‘एचटी’ अशी अक्षरं असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णतेला निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. मी ते घेत नाही. पण एचटीचा अर्थ लोक भलताच लावतात. तापवल्यानं तेव्हा आत असलेली कीड मरते. उद्या येणाऱ्या वाळवीला त्या शिक्क्याची भीती नसते. तेव्हा जमिनीलगतच्या भागाला आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना डांबर किंवा वाळवीचं औषध लावायचंच. खिळे सगळे उपटून घ्यायचे, नाहीतर रंध्याचं पातं पहिल्याच फटक्यात जातं.

माझी पहिली चूक या लाकडातच झाली. मी मे महिन्यात फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून झडप केली. मृग लागला, लाकूड पाणी प्यालं, फुगलं, आणि दोन झडपा एकमेकींत अशा रुतल्या की दूधवाल्यानं बाहेरून आणि मी आतून खांदा लावला तेव्हा कुठे उघडल्या. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. म्हणून उभ्या फळ्यांत प्रत्येकी दोन सूत तरी फट ठेवावी, आणि दोन झडपांच्या मध्ये चार सूत. सुताराचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे शहरी श्रोत्यांसाठी सांगतो. या फटींचा दुसरा फायदा वाऱ्याचा. भरगच्च फळ्यांची झडप आषाढातल्या वाऱ्यात शिडासारखी वागते. फटी असल्या की वारा निघून जातो.

दुसरी चूक टांगण्याची. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण कडी-कुलपाच्या नव्वद टक्के तक्रारींचं मूळ इथं असतं. फाटक केल्यावर दीड महिन्यात माझी झडप खाली झुकली. कडी समोरच्या भोकात जाईना. मी भोक मोठं केलं. पुन्हा झुकली, पुन्हा भोक वाढवलं. शेवटी गावातल्या सुतारमामांना दाखवायला आणलं. त्यांनी कडीकडे पाहिलंसुद्धा नाही. झडपेचं टोक उचलून पाहिलं आणि म्हणाले, “सर, कडी बिचारी काय करील? तुमचा खांबच वाकलाय. आन् ही तिरपी पट्टी उलटी मारलीय तुमी.”

दोन्ही खरं होतं. खांब मी काळ्या मातीत दीड फूट पुरला होता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर्षभर खांब हलवत राहते. काळी थर ओलांडून मुरुमापर्यंत जायला हवं. आमच्याकडे तीन फूट पुरलं. खड्ड्यात काँक्रीट भरून त्याचा माथा जमिनीच्या थोडा वर, उतरता ठेवावा, म्हणजे लाकडाच्या बुडाशी पाणी साचत नाही. खांब विटांचा असेल तर बिजागरीचा आकडा मागाहून खुंटी ठोकून बसवू नका. बांधकाम चालू असतानाच फूटभर आत जाणारी, टोकाला दुभंगलेली सळई घालून घ्या.

आता तिरपी पट्टी. लाकडाची असेल तर ती बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याला गेली पाहिजे. झडपेचा भार ती खांद्यावर घेतल्यासारखा घेते आणि खालच्या बिजागरीवर टाकते. लोखंडी सळई किंवा तार वापरत असाल तर बरोबर उलट: वरच्या बिजागरीपासून कडीखालच्या कोपऱ्यापर्यंत, कारण तार ओढून धरू शकते, रेटू शकत नाही. मी लाकडाची पट्टी तारेच्या जागी मारली होती. भाषेच्या मास्तराला हा फरक पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळला; शिक्षक श्रोत्यांनी तो सातवीतच शिकवावा.

त्यांच्यासाठी एक हिशेबही देतो. ऐकताना आकडे निसटले तरी पुस्तिकेत ते छापलेले सापडतील. पाच फूट लांब, पाच फूट उंच अशी एक इंच जाडीची पाईनची झडप चौकटीसकट चाळीस किलोच्या आसपास भरते. तिचा भार मधोमध, म्हणजे बिजागरीपासून अडीच फुटांवर आहे असं समजा. दोन बिजागऱ्यांत चार फूट अंतर असेल तर वरची बिजागरी खांबापासून ओढली जाते ती चाळीस गुणिले अडीच भागिले चार, म्हणजे पंचवीस किलोनं. बिजागऱ्या दोन फुटांवर बसवल्या तर हाच ओढा पन्नास किलो होतो. आता पंचवीस किलोचं पोर झडपेच्या टोकाला लोंबकळून झोके घेऊ लागलं, तर चार फुटांच्या अंतरालाही आणखी एकतीस किलो वाढतात. आणि पोर लोंबकळणार, हे गृहीत धरूनच फाटक करावं. म्हणून बिजागऱ्या जितक्या दूर दूर तितक्या चांगल्या. वरची आडव्या पट्टीवर, खालची खालच्या आडव्या पट्टीवर, दीड-दोन फूट लांब पट्टीच्या, आणि वरच्या बिजागरीला तरी स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत. वर्गात एक फूटपट्टी आणि दोन स्प्रिंगचे काटे घेऊन हा प्रयोग दहा मिनिटांत होतो. पाठ्यपुस्तकातली तरफ मुलांना शाळेच्या फाटकात दिसली, तर ती ती विसरणार नाहीत.

आता फाटक आपलं आपण कसं लागावं? बाजारात यासाठी तेलाचे डोअर क्लोजर मिळतात. बँकेच्या नाहीतर दवाखान्याच्या दारावर ते तुम्ही पाहिले आहेत. आत स्प्रिंग असते आणि तिचा वेग आवरायला तेल. छपराखालच्या, एका मापाच्या, न झुकणाऱ्या दाराला ते छान. चाळीस किलोच्या, पावसात भिजणाऱ्या, धुळीच्या रस्त्यावरच्या झडपेला ते बसवणं म्हणजे शहरी पाहुण्याला नांगराला जुंपणं. शेजारी माणसांपुरतं लहान दार असेल तर त्याला, आतल्या बाजूनं आणि वर पत्र्याची टोपी घालून, क्लोजर बसवायला हरकत नाही. त्याच्या अंगावर वेग कमी-जास्त करायचे स्क्रू असतात. ते पाव वळसा, अर्धा वळसा असेच फिरवावे. फिरतोय म्हणून फिरवत राहिलात तर स्क्रू हातात येतो आणि तेल पायावर.

साधी लांब स्प्रिंग ही दुसरी सोय. स्वस्त आहे, पण तिला अदब नाही. झडप जितकी जास्त उघडावी तितकी ती जोरानं ओढते, आणि सोडली की दाणकन आपटते. आमच्या भाचीचं बोट त्यात सापडता सापडता वाचलं. त्या दिवशी मी स्प्रिंग काढून टाकली.

सुतारमामांनी दाखवली ती युक्ती फुकटची आहे आणि जुनी आहे. खालची नि वरची बिजागरी ज्या खुंट्यांवर फिरते त्या खुंट्या आपण ओळंबा लावून एका रेषेत बसवतो. त्या तशा न बसवता वरची खुंटी वाटेच्या बाजूला चार सूत सरकवायची. म्हणजे झडप जणू वाटेकडे कललेल्या अक्षावर फिरते. उघडताना तिचं टोक वर चढतं. चार फुटांच्या अंतरात चार सुतांचा कल असेल तर काटकोनात उघडल्यावर पाच फुटांवरचं टोक सुमारे पाच सूत उचललं गेलेलं असतं. हात सोडला की झडप स्वतःच्या वजनानं खाली, म्हणजे बंद होण्याकडे येते. स्प्रिंग नाही, तेल नाही, मोडण्यासारखं काही नाही.

यात एक मेख आहे, आणि ती मामांनी मला दुसऱ्या खेपेला सांगितली. झडप बंद होत आली की हा ओढा कमी कमी होत जातो आणि शेवटच्या वीतभर अंतरात ती नुसती रेंगाळते. त्यावर उपाय असा, की फाटक आत उघडणारं असेल तर वरची खुंटी आणखी दोन सूत रस्त्याच्या बाजूलाही सरकवायची. मग झडपेला अडणीच्या पलीकडे जायचं असतं, अडणी तिला जाऊ देत नाही, आणि ती अडणीला टेकून गप्प राहते. झडप बंद असताना तिची खालची कड जमिनीशी सरळ दिसायला हवी असेल, तर पट्ट्या बसवताना हा कल हिशेबात घ्यावा लागतो. आणि खुंट्यांना ग्रीस हवं. गंजलेल्या खुंटीपुढे चार सुतांचं काही चालत नाही.

असं फाटक उघडं ठेवायचं झालं तर ठेवता येत नाही, हे विसरू नका. ट्रॉली आत घेताना झडप मागून येऊन टायरवर नाहीतर माणसावर आपटेल. म्हणून झडप पूर्ण उघडल्यावर जिथं टेकते तिथं एक आकडा हवाच. फाटक आतच उघडावं, रस्त्यावर नव्हे. आणि जागा असेल तर रस्त्यापासून इतकं मागे घ्यावं की ते उघडेपर्यंत गाडी रस्त्यावर शेपूट ठेवून उभी राहू नये.

लागलेली झडप धरून ठेवायला खटका पुरे. एक लोखंडी जीभ, जी समोरच्या उतरत्या तोंडावर चढते आणि खाचेत पडते. खाच उंचीला ऐसपैस ठेवा, म्हणजे झडप सूतभर झुकली तरी जीभ चुकणार नाही. दोन झडपांतली एक सहसा बंदच राहते. तिला जमिनीत उतरणारी उभी कडी लावतात. तिच्यासाठी काँक्रीटमध्ये नळीचा तुकडा बसवा, पण बुडाशी नळी उघडी ठेवून खाली खडी घाला. बूड बंद नळीत पहिल्या पावसात चिखल भरतो, आणि मग ती कडी नावालाच उरते. चालणारी झडप या उभ्या झडपेवर टेकते. कडी हलली की खटक्याचं सगळं गणित हललं.

आता कुलूप, आणि माझी तिसरी चूक.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे दुचाक्या जाऊ लागल्या तशी मी फाटकाला रात्री आतून साखळी घालून मोठं कुलूप लावू लागलो. कुलूप चांगलं होतं, वजनदार होतं. श्रावणातली एक रात्र. अडीचच्या सुमाराला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, श्वास लागेना. १०८ ला फोन केला. गाडी लवकर आली. दिवा फिरतोय, डॉक्टर खाली उतरलेत, स्ट्रेचर बाहेर, आणि मी आत किल्ली शोधतोय. खिळ्यावर नव्हती. थोरल्यानं संध्याकाळी कुलूप लावलं आणि किल्ली विजारीच्या खिशात ठेवली होती. ती विजार धुवायला भिजत घातली होती. किल्ली सापडली तर महिनाभर पावसात भिजलेलं कुलूप फिरेना. फोनवरच्या वेळा मी नंतर ताडून पाहिल्या. गाडी दाराशी आल्यापासून बारा मिनिटं गेली.

शेवटी शेजारच्या वहिनींचा मुलगा भिंतीवरून आत आला आणि त्यानं घण घेतला. तीन घावांत कोयंडा लाकडातून उपटून आला. कुलूप जसंच्या तसं, बंद, साखळीला लटकत राहिलं.

आबा वाचले. आज ते घरी आहेत आणि हे भाषण लिहिताना मला दोनदा हटकून गेले. पण त्या रात्रीनंतर मला झोप लागेना ती एका विचारानं. ज्या कुलपानं घरच्या माणसांना बारा मिनिटं अडवलं, ते चोराला तीन घाव अडवू शकलं असतं. कोयंडा मी पाऊण इंची स्क्रूंनी मऊ पाईनमध्ये बसवला होता!

कुलपांच्या इतिहासात याला आधार आहे. १७७८ साली रॉबर्ट बॅरन या इंग्रजानं लिव्हरचं कुलूप काढलं. आत लहान पट्ट्या असतात, किल्ली प्रत्येकीला नेमकी तिच्या उंचीइतकी उचलते तेव्हाच जीभ सरकते; कमी उचललं तरी नाही, जास्त उचललं तरी नाही. आपल्याकडच्या कुलपांवर सहा लिव्हर, सात लिव्हर लिहिलेलं असतं ते हेच. पुढे जोसेफ ब्रामा यानं वेगळ्या तऱ्हेचं कुलूप करून दुकानाच्या खिडकीत ठेवलं आणि उघडणाऱ्याला दोनशे गिनी जाहीर केल्या. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं ते उघडलं, पण त्याला सोळा दिवसांत मिळून पन्नासएक तास लागले. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपं करायला सुरुवात केली, तीही वकिली सोडून. सांगायचं हे, की कुलपाच्या पोटातली कारागिरी दोनशे वर्षांपूर्वीच पुष्कळ पुढे गेली होती. तिथं कमी पडत नाही. चोर हॉब्जसारखा सोळा दिवस बसत नाही. तो कोयंड्याचे स्क्रू पाहतो. चाकणचा भुईकोट १६६० साली शायिस्ताखानानं घेतला तो दाराचं कुलूप काढून नव्हे. फिरंगोजी नरसाळ्यानं जवळजवळ दोन महिने तो झुंजवला, आणि शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग पेरला.

म्हणून कुलपावर जो खर्च करायचा त्यातला थोडा वाचवून कोयंड्यावर करा. कोयंडा असा घ्या की मिटल्यावर त्याचे सगळे स्क्रू त्याच्याच पट्टीखाली झाकले जातील. स्क्रूंऐवजी गोल डोक्याचे बोल्ट बाहेरून आरपार घाला, आत मोठा वायसर किंवा लोखंडी पट्टी, त्यावर नट, आणि नटाबाहेर उरलेलं टोक हातोडीनं पसरून टाका. कुलपाच्या कडीत पहार घालायला जागा राहू नये, इतकी ती कोयंड्याला बेताची असावी. कुलूप पावसात लटकवायचं असेल तर किल्लीचं भोक खाली येईल असं, आणि वर जुन्या ट्यूबच्या रबराचा पडदा. आत खोबरेल नाहीतर गाडीचं तेल ओतू नका. आमच्या रस्त्यांवरची धूळ त्यात बसते आणि महिन्याभरात तिचा लगदा होतो. शिसपेन्सिल घासून तिची पूड भोकात फुंका. शाळेत तिला तोटा नाही.

आता माझ्या फाटकाची रीत अशी आहे. दिवसा नुसता खटका. रात्री आतून आडवी सरकती कडी, तिला कुलूप नाही; अंधारात हात घातला की सापडेल अशी, छातीच्या उंचीवर. फटीतून बाहेरचा हात तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून तिच्या आसपास दोन-अडीच फूट आतल्या बाजूनं जाळी मारली आहे. कुलूप बाहेरून, आणि सगळे गावाला निघालो तरच. दुचाकीसाठी पडवीत काँक्रीटमध्ये एक लोखंडी कडा बसवला आणि साखळी-कुलूप त्याला नेलं. राखायची ती गाडी, मग कुलूपही गाडीलाच असू द्या. ज्यांना आतून कुलूप लावल्याशिवाय चैनच पडत नाही, त्यांनी किल्लीला एकच जागा करावी, घराच्या दारामागे, लाल फडकं बांधून, आणि घरातल्या सर्वांत लहान शाळकरी पोराला एका रात्री दिवे घालवून ती आणायला सांगावी. त्याला मिळाली नाही, तर जागा चुकली.

जुन्या वाड्यांतून हा विचार आपल्या लोकांनी केला होता. आत अडसर असे, जाडजूड, भिंतीतल्या खाचेत सरकणारा. बाहेरच्याला तो दिसतसुद्धा नसे, आणि आतल्याला किल्ली लागत नसे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिलात तर हत्तींना भिववणाऱ्या त्या खिळ्यांच्या फळीतच माणसापुरता लहानसा दिंडी दरवाजा आहे. रोजच्या येण्याजाण्याला अख्खा दरवाजा उघडायची गरज नाही. फाटकाशेजारी जागा असेल तर तीन फुटांचं वेगळं लहान दार काढा, दुचाकीही जाईल. पण ते झडपेच्या पोटात कापू नका, झडप दुबळी होते. त्याला त्याचे खांब द्या.

हे काम काढायचं तर उन्हाळ्यात काढावं. खांबांचं काँक्रीट ओतल्यावर आठवडाभर त्याला पाणी मारायचं आणि झडप टांगायची घाई करायची नाही. बोल्टांची भोकं पाडून झाली की त्या भोकांच्या आतूनही रंग फिरवा. पाणी तिथूनच शिरतं. रोहिणीच्या आत झडपा टांगून झाल्या, की मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर एकदा फटी पाहायच्या आणि दसऱ्याला हत्यारं पुजताना पुन्हा एकदा बोल्ट आवळायचे. लाकूड तोवर आटू लागलेलं असतं आणि नट सैल झालेले असतात. आमच्याकडे ते काम आता आबा करतात. पाना मोठा हवा, दोन्ही हातांत धरता येईल असा.